जबड्याच्या हाडांतील सौम्य अर्बुदें

नव्या मुंबईंत नेरूळ, बेलापूर, खारघर व कामोठें येथें दंतमहाविद्यालयें आहेत. दाढदुखीच्या निमित्तानें तेथें आलेल्या एखाद्या माणसाच्या जबड्यावर न दुखणारी, टणक गांठ आढळते आणि त्याला पुढील तपासणीस जावयास सांगण्यांत येतें. टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संस्था खारघरलाच आहे. ‘टाटाला जा’ एवढे दोन शब्द कानीं पडले कीं, घरांतील मंडळी पुढचें कांहीं ऐकूनच घेत नाहींत. तंबाखूमुळें होणारा तोंडाचा कर्करोग महाराष्ट्रांत इतका परिचित आहे कीं, या भयाला निराधार म्हणतां येणार नाहीं. तथापि जबड्यावरील प्रत्येक गांठ कर्करोगाची नसते, आणि जी कर्करोगाची नसते ती प्रत्येक निरुपद्रवीहि नसते. घोटाळा होतो तो या दुसऱ्या ठिकाणीं.

तोंडाचा कर्करोग बहुधा आंतील मऊ अस्तरांत उगम पावतो. न भरणारा व्रण, पांढरा वा तांबडा चट्टा, तोंड उघडण्यास त्रास, हीं त्याचीं लक्षणें. हाडाचें सौम्य अर्बुद मात्र हाडाच्या पोटांत वर्षानुवर्षें वाढतें. वरचें अस्तर शाबूत असतें. वाटोळें, स्थिर, अल्प वेदनेचें, खोल मुळाचें, सावकाश वाढणारें व न पिकणारें, असें अर्बुदाचें वर्णन सुश्रुतसंहितेंत आहे. ‘सौम्य’ शब्दाचा वैद्यकीय अर्थ इतकाच कीं, तें दूरच्या अवयवांत पसरत नाहीं. जागच्या जागीं तें काय करील, हें त्या शब्दावरून कळत नाहीं.

टाळूच्या मध्यावर कित्येकांना जन्मभर एक हाडाचा उंचवटा असतो. एखाद्या दिवशीं जीभ तेथें अडखळते आणि झोप उडते. हें खरें अर्बुदच नव्हे. घट्ट हाडाची ‘ऑस्टिओमा’ नांवाची गांठ खालच्या जबड्यावर किंवा कपाळाच्या हाडांतील पोकळींत होते. त्रास नसेल तर तिला हात लावीत नाहींत. तरुण वयांत अशा अनेक गांठी व त्यांच्या जोडीला जास्तीचे दांत आढळले, तर मात्र वैद्य आंतडें तपासावयास सांगतो. गार्डनरच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या आनुवंशिक विकारांत आंतड्यांत मोड येतात व पुढें त्यांचा कर्करोग होतो. येथें जबडा पोटाची बातमी देतो.

मुलाचा एकच गाल हळूहळू मोठा होत असेल, तर ‘फायब्रस डिस्प्लेशिया’चा विचार करावा लागतो. यांत हाडाच्या जागीं तंतुमय द्रव्य भरतें व क्ष-किरणांच्या चित्रांत तो भाग घासलेल्या कांचेसारखा दिसतो. गर्भावस्थेंत एका जनुकांत झालेल्या बदलाचा हा परिणाम असतो; तो आईबापांकडून येत नाहीं. वय वाढल्यावर ही वाढ बहुधा मंदावते, म्हणून दृष्टीला धोका नसल्यास शस्त्रवैद्य थांबतात व मग हाड तासून चेहरा सारखा करतात. किरणोपचार येथें टाळतात, कारण त्यानें सौम्य विकार घातक बनूं शकतो. दोन्ही गाल फुगलेलीं मुलें निराळीं. १९३३ सालीं जोन्स यानें वर्णिलेला ‘चेरुबिझम’ हा विकार कुळांत चालत येतो आणि तारुण्यानंतर पुष्कळदां आपण होऊन ओसरतो.

सर्वांत फसवें अर्बुद म्हणजे ‘अमेलोब्लास्टोमा’. काटेकोरपणें पाहिल्यास तें हाडाचें नव्हे. दांतावरील चकाकी घडविणाऱ्या पेशींपासून तें निघतें. बहुधा खालच्या जबड्यांत, दाढांच्या मागें तें वाढतें. दाढ हलूं लागते, ती काढली जाते, सूज राहते, मग गोळ्यांचा एक क्रम होतो, नंतर दुसरा. संपूर्ण जबड्याचें क्ष-किरणचित्र घेण्याचें राहून जातें. नुसतें खरवडून काढल्यास तें कित्येक वर्षांनीं सुद्धां परत येतें, कारण त्याचीं मुळें निरोगी दिसणाऱ्या हाडांत शिरलेलीं असतात. म्हणून भोंवतालच्या सुमारें एक ते दोन सेंटिमीटर हाडासह तें काढावें लागतें. उशीर झाला, तर त्याबरोबर अर्धा जबडा जातो. नडगीच्या बाहेरचें बारीक हाड रक्तवाहिन्यांसह आणून नवा जबडा घडवितां येतो; हिडाल्गो यानें ही पद्धत १९८९ सालीं प्रसिद्ध केली. तरीहि लहान अर्बुदाची शस्त्रक्रिया ती लहानच.

दांत आपली जागा सोडूं लागले, कवळी एकाएकी बसेनाशी झाली, गालाचें हाड एका बाजूस उचललें, तर दुखत नाहीं म्हणून वाट पाहूं नये. खालचा ओठ बधिर झाल्यास अधिक त्वरा करावी. क्ष-किरणचित्रानंतर लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासतात. तुकडा घेतल्यानें रोग भडकतो, ही समजूत पुष्कळ घरांत आहे. तिला आधार नाहीं. कित्येक अर्बुदें सूक्ष्मदर्शकाखालीं इतकीं सारखीं दिसतात कीं, तपासणाऱ्याला तुकड्याबरोबर क्ष-किरणचित्रहि लागतें. तेव्हां जुनीं चित्रें फेकून देऊं नयेत. पांच-दहा वर्षांपूर्वींचें, समोरून काढलेलें एखादें छायाचित्रहि सोबत न्यावें. सूज केव्हां सुरू झाली व किती वेगानें वाढली, हें त्यावरून वैद्याला ताडतां येतें.