चाळीसफुटी धक्क्याला लावताना

मुंबईच्या जकात नाक्याबाहेर माल उतरवता यावा म्हणून भिवंडीच्या आसपास, मानकोली, पूर्णा, दापोडे, काल्हेर अशा गावांत गोदामं वाढत गेली. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, गोदामं मात्र तिथेच राहिली. त्यातल्या कितीतरी जुन्या गाळ्यांपुढचं आवार सहाचाकी, दहाचाकी ट्रकापुरतं आहे. आणि आज न्हावा शेव्याहून येतो तो चाळीसफुटी ट्रेलर.

माप एकदा डोळ्यासमोर आणू. चाळीसफुटी कंटेनर 12.19 मीटर लांब आणि 2.44 मीटर रुंद असतो. पुढे घोडा जोडला, म्हणजे ओढणारं इंजिन आणि कॅबिन, की सगळी गाडी पंधरा-सोळा मीटरची होते. गोदामाच्या धक्क्यावरच्या, म्हणजे माल उतरवायच्या ओट्यावरच्या, दोन शटरच्या मध्यांमध्ये साडेतीन मीटर अंतर असेल, तर आपल्या आणि शेजारच्या गाडीमध्ये जेमतेम एक मीटर उरतो, दोन्ही बाजूंना मिळून नव्हे तर एकेका बाजूला. पण त्या मीटरभर फटीत शेजाऱ्याचा क्लीनर चहा पीत उभा असतो.

मी अशाच एका गाळ्यात डिस्पॅच बघत होतो. हेवी लायसन्स खिशात होतं. गाडी मर्यादित जागेत डावीकडे किंवा उजवीकडे मागे घेता आली पाहिजे, ही अट 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत परीक्षेसाठीच आहे, आणि ती मी साध्या ट्रकवर पार पाडली होती. तरी पहिल्यांदा ट्रेलरवर बसलो आणि रिव्हर्स टाकला, तेव्हा वीस फुटांत गाडीची मान अशी मोडली की कॅबिनच्या खिडकीतून कंटेनरचा कोपरा हात लावण्याइतका जवळ आला. बीडकडचे एक उस्ताद शेजारी बसले होते. ते म्हणाले, "आता पुढं घे. आणि सोमवारपर्यंत स्टेअरिंगला हात लावू नको, आधी मागचं चाक बघायला शिक."

त्यांचं म्हणणं समजायला जोड समजून घ्यावा लागतो. ट्रेलरच्या पुढच्या टोकाखाली किंगपिन नावाची पोलादी खुंटी असते. नेहमीच्या मापाची खुंटी दोन इंच व्यासाची, म्हणजे जवळजवळ लहान मुलाच्या मनगटाएवढी. घोड्याच्या पाठीवर ग्रीस चोपडलेली जाड लोखंडी तबकडी असते, तिच्या खाचेत ही खुंटी अडकते. गाडी वळते ती या एकाच बिंदूत. ट्रेलरला स्वतःचं स्टेअरिंग नाही. त्याची चाकं पार मागे, किंगपिनपासून साधारण आठ-साडेआठ मीटरवर. पुढे जाताना घोडा ओढतो आणि ट्रेलर आपोआप त्याच्या मागे सरळ होतो. मागे जाताना घोडा ढकलतो, आणि ढकललेली वस्तू आपोआप सरळ राहत नाही.

ज्यांनी बैलगाडी मागे रेटलेली पाहिली आहे त्यांना हे चित्र नवं नाही. बैलांच्या मानेवर जू, मागे दांडी, आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाशी चाकं. बैलांना डावीकडे दाबलं की गाडीची मागची बाजू उजवीकडे जाते. ट्रेलरचंही तेच. शेपूट उजवीकडे न्यायचं तर स्टेअरिंग डावीकडे. हे उलटं गणित प्रत्येक वेळी मनात मांडत बसलं तर गाडी तोवर भिंतीत जाते. म्हणून उस्तादांनी एक सोपी युक्ती दिली: हात स्टेअरिंगच्या वरच्या बाजूला नको, तळाशी धर. तळाचा हात उजवीकडे नेला की शेपूट उजवीकडे, डावीकडे नेला की डावीकडे. विचार करायचा राहतच नाही. ही युक्ती जगभरचे ट्रेलरवाले वापरतात, आणि तरीही प्रत्येक नवा माणूस आधी वरच धरतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, आणि ती कोणी सांगत नाही: हुकूम दिल्यावर थांबायला लागतं. स्टेअरिंग फिरवलं की आधी घोडा वळतो, मग जोडाचा कोन बदलतो, मग कुठे ट्रेलर दिशा धरतो. दीड-दोन मीटर गाडी सरकल्याशिवाय मागे काहीच घडल्यासारखं वाटत नाही. नवशिक्या त्या दोन मीटरांत घाबरतो, आणखी फिरवतो, आणि मग दोन्ही हुकूम एकदमच मागे पोचतात. माझी मान मोडली ती अशीच.

याचा थोडा हिशेब करता येतो. घोडा अगदी सरळ रेषेत मागे जात असेल आणि ट्रेलर एका अंशाने तिरका असेल, तर तो तिरकेपणा तसाच राहत नाही, वाढत जातो. चाळीसफुटीत सुमारे सहा मीटर मागे गेल्यावर एकाचे दोन अंश होतात, आणखी सहा मीटरांनी चार. वाढ सावकाश आहे, पण थांबत नाही. म्हणून मागे जाताना स्टेअरिंग कधीच पूर्ण स्वस्थ नसतं, ते सारखं जरासं हलत असतं. जोड जितका आखूड तितकी ही वाढ जलद. शेतातल्या ट्रॅक्टरच्या आखूड, एका आसाच्या ट्रॉलीत दर दोन मीटरला तिरकेपणा दुप्पट होतो. म्हणूनच ट्रॉली मागे घेणं ट्रेलरपेक्षा अवघड, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. आणि उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात, त्या मागे घेण्याच्या भानगडीत तर कोणी पडतच नाही. कारखान्यात त्या ऊस टाकायच्या गव्हाणीपाशी एका बाजूने येतात आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात.

आता धक्क्याकडे. पहिला निर्णय आवारात शिरण्याआधीचा: शटर कुठल्या हाताला ठेवायचं. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून धक्का उजव्या हाताला ठेवून आत यावं. मग शेपूट उजवीकडे वळताना खिडकीतून मान बाहेर काढून ट्रेलरची पूर्ण बाजू, मागचं चाक आणि शेजारच्या गाडीचा कोपरा प्रत्यक्ष दिसतो. धक्का डाव्या हाताला आला की सगळा भार डाव्या आरशावर. आणि गाडी वळायला लागली की त्या आरशात फक्त कंटेनरच्या पन्हाळी दिसतात, बाकी काही नाही. अशा वेळी बाहेर जाऊन वळसा घालून दुसऱ्या बाजूने येणं, त्यात दहा मिनिटं गेली तरी, स्वस्त पडतं. मोबाइलवर परदेशी व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, त्यामुळे ते सांगतात ती चांगली बाजू आपली वाईट बाजू असते.

मग मांडणी. माझ्या मते अर्ध्याहून अधिक काम इथेच होतं, रिव्हर्स टाकायच्या आधी. धक्क्याच्या रांगेला समांतर, शेजारच्या गाड्यांच्या नाकांपासून मीटर-दीड मीटर अंतर ठेवून सावकाश पुढे जायचं. आपलं शटर खांद्याच्या रेषेत आलं की स्टेअरिंग डावीकडे, धक्क्यापासून दूर. घोडा बाहेर झेपावतो, ट्रेलर त्याच्यामागे तिरका व्हायला लागतो. मग उजवीकडे फिरवून घोडा परत आणायचा, म्हणजे घोडा आणि ट्रेलर जवळजवळ एका रेषेत येतात, पण ती रेष धक्क्याशी पंचेचाळीसेक अंशांत असते आणि ट्रेलरचं शेपूट आपल्या शटरकडे बघत असतं. हे जमलं की नव्वद अंशांचं वळण निम्मं आधीच झालेलं असतं. आवार गाडीच्या दुप्पट लांबीचं असेल तर हे आरामात बसतं. जुन्या गाळ्यांपुढे तेवढी जागा नसते, तिथे समोरच्या कुंपणापासून घोड्याचं नाक वीतभर अंतरावर नेऊन ठेवावं लागतं.

इथे एकदा उतरायचं. चाकांपर्यंत चालत जायचं, शटरचा मध्य बघायचा, वर बघायचं. वर बघायला मी एकदा विसरलो. आवाराला धक्क्याकडे उतार होता, उतारावर मागची चाकं खाली गेली की कंटेनरचा वरचा कोपरा भिंतीकडे झुकतो. खाली रबरी बंपर अजून हातभर लांब होता आणि वर पन्हळीचा पत्रा करकरायला लागला होता. उंच जातीचा कंटेनर 2.90 मीटरचा, त्याखाली ट्रेलर, म्हणजे माथा जमिनीपासून सव्वाचार मीटरच्या वर. पत्र्याची दुरुस्ती माझ्या पगारातून गेली.

आता मागे. सगळ्यात खालचा रिव्हर्स गिअर, ॲक्सिलरेटरला पाय नाही, गाडी नुसत्या इंजिनाच्या दमावर. मोकळ्या माणसाच्या चालीपेक्षाही हळू. भरलेली गाडी जागेवर उभी असताना स्टेअरिंग फिरवू नये, टायर घासतात. सरकत असतानाच फिरवावं.

पहिला हुकूम: तळाचा हात उजवीकडे. शेपूट शटरकडे वळायला लागतं. ट्रेलर हवा तेवढा वळला, असं वाटण्याच्या जरा आधी हात उलटा, डावीकडे. म्हणजे आता घोडा ट्रेलरच्या मागोमाग वळू लागतो आणि हळूहळू त्याच्या समोर येऊन सरळ होतो. ‘जरा आधी’ म्हणजे किती, हे कुठल्या पुस्तकात नाही. उस्ताद त्याला "सोडवणं" म्हणत. वळण घालणं कोणालाही जमतं, सोडवणं उशिरा जमतं. लांब ट्रेलरला पूर्ण स्टेअरिंग उलटं दिलं तर मोडलेली मानही मागे जात जात सुटू शकते, गणिताने ते शक्य आहे. पण तेवढ्यात मागची जागा संपलेली असते. म्हणून पुढे घ्यायचं.

पुढे घेणं म्हणजे हार नव्हे. आवारात मात्र ते तसंच मोजलं जातं. "एका कटात लावली", "चार कट मारले" अशी चर्चा टपरीवर चालते, आणि नवा चालक टपरीकडे बघत पाचव्या कटाऐवजी गाडी शेजाऱ्याच्या बंपरला लावतो. पुढे घेताना दोनच गोष्टी करायच्या: घोडा आणि ट्रेलर एका रेषेत आणायचे आणि ट्रेलर शटरसमोर जरा डावीकडे किंवा उजवीकडे हवा तेवढा सरकवायचा. नुसतं पुढे जाऊन त्याच रेषेने परत येणारे खूप आहेत. ते तीच चूक दोनदा करतात.

ट्रेलर दोन गाड्यांमध्ये शिरला की आरसे. दोन्ही आरशांत कंटेनरची बाजू सारखी पातळ पट्टी दिसली तर सरळ आहे. उजव्या आरशात जास्त दिसायला लागली तर शेपूट उजवीकडे चाललं आहे, स्टेअरिंग जरासं उजवीकडे द्यायचं. डाव्या आरशात जास्त, तर डावीकडे. ज्या आरशात ट्रेलर वाढतो त्या बाजूला स्टेअरिंग. वळण एवढं छोटं की बघणाऱ्याला हात हललेला दिसू नये.

क्लीनरचं काम आता सुरू होतं. त्याने कायम आरशात दिसेल असं उभं राहायचं. आवाज इंजिनात आणि रिव्हर्सच्या त्या भयंकर इलेक्ट्रॉनिक गाण्यात विरून जातो, म्हणून खूण हाताची आणि ‘थांब’साठी पत्र्यावर थाप. क्लीनर आरशातून दिसेनासा झाला की ब्रेक, विचार नंतर. तो मोबाइल घ्यायला वाकला असेल किंवा मागच्या चाकासमोर असेल, कॅबिनमधून दोन्ही सारखंच दिसतं. दोन माणसं दोन बाजूंनी ओरडत असतील तर एकाला गप्प बसवायचं.

आणि शेवटचे तीन मीटर राहिले की पुन्हा थांबायचं, दारांसाठी. कंटेनरची दारं बाहेर उघडतात, प्रत्येक पान सव्वा मीटरच्या आसपास. धक्क्याला टेकल्यावर ती उघडणारच नाहीत. गोदामाच्या माणसासमोर सीलचा नंबर कागदाशी ताडून बघायचा, बोल्ट कटरने सील तोडायचं, उभे दांडे फिरवून दोन्ही पानं पूर्ण मागे, कंटेनरच्या बाजूला नेऊन साखळीने अडकवायची. शेजारी गाड्या असतील आणि फट मीटरभरच असेल, तर पानं फिरणार नाहीत, हे काम त्यांच्यामध्ये शिरण्याआधीच उरकायचं. मग उरलेलं अंतर. रबरी बंपरला गाडी टेकते तेव्हा कॅबिनमध्ये एक मऊ दचका जाणवतो. धडका बसला तर वेग जास्त होता.

हँडब्रेक, हवेचा फुस्स आवाज, इंजिन बंद. चाकाला लाकडी ठोकळा लावल्याशिवाय फोर्कलिफ्ट आत सोडू नये. भरलेलं फोर्कलिफ्ट ट्रेलरमध्ये शिरून ब्रेक मारतं, त्या प्रत्येक हिसक्याने गाडी केसभर पुढे सरकू शकते, आणि धक्का व ट्रेलर यांच्यातली लोखंडी पाटी तेवढ्याने निसटते.

निघताना उलटा क्रम. ट्रेलर शेजारच्या गाड्यांच्या नाकांपलीकडे पूर्ण जाईपर्यंत सरळच काढायचा, कारण पुढे जाताना तो वळणात आत कापतो. दारं बंद, चारही दांडे बसलेत ना बघायचं. आणि ठोकळा उचलून कॅबिनमागे टाकायचा. पुढच्या गोदामात ठोकळा असतो असं म्हणतात. तिथे पोचल्यावर कळतं की तो आधीच्या गाडीबरोबर गेला.