साडेचार यमके

तुकोबांच्या एका अभंगाचे इंग्रजी रूपांतर टाळांच्या साथीवर म्हटले जात असताना ‘लव्ह’ या शब्दाशी ‘इनफ’ या शब्दाची सांगड घातलेली माझ्या कानी पडली, आणि मोरोपंतांच्या आर्यांवर पोसलेला माझा कान प्रथम चमकला व पुढच्याच आवर्तनात, त्याचे त्यालाच नवल वाटावे अशा रीतीने, स्वस्थ झाला. ही सांगड अनवधानाने पडलेली नसून पुष्कळ विचारान्ती घातलेली आहे असे कळल्यावर ती घालणाऱ्या बाईंचे काम प्रत्यक्ष पाहण्याची इच्छा मला आवरेना. बाई दादरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. परदेशांत वाढणाऱ्या मराठी मुलांना अर्थ कळून अभंग म्हणता यावेत म्हणून त्या ही रूपांतरे करतात. आणि मोठ्या अभंगात दुसऱ्या व तिसऱ्या चरणांच्या अंती यमक जुळते, तेथे ते इंग्रजीतही जुळलेच पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष आहे. “यमक गेलं तर टाळ टेकायचा कुठे?” असे त्या विचारतात.

“‘लव्ह’ला साडेचार यमकं आहेत,” असे त्यांनी मी नीट बसतो न बसतो तोच सांगून टाकले. अबव्ह, डव्ह, ग्लव्ह आणि शव्ह, म्हणजे ‘वर’, ‘पारवा’, ‘हातमोजा’ आणि ‘ढकलणे’, ही चार पूर्ण. आणि षष्ठीचे काम करणारा इंग्रजीतील चिमुकला शब्द अमेरिकेत ‘अव्ह’ असा उच्चारला जातो, इंग्लंडात ‘ऑव्ह’, म्हणून तो अर्धा. एवढ्या मोठ्या भाषेत एवढ्या मोठ्या शब्दाच्या वाट्याला साडेचार सोबती यावेत, आणि त्यांतही एक हातमोजा असावा, ही गोष्ट मला विनोदी वाटली. बाईंना ती मुळीच विनोदी वाटत नव्हती. भक्तिपर वाङ्मयाचे रूपांतर करणाऱ्यास ‘प्रेम’ या शब्दावाचून पाऊल टाकता येत नाही, आणि प्रत्येक पावलास तीच साडेचार दारे ठोठावावी लागतात.

या दारिद्र्याचे कारण व्याकरणात आहे. इंग्रजीने आपले जुने विभक्ती-प्रत्यय बहुतांशी टाकून दिले. उलट आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येऊन बसते, आणि आला, गेला, केला, मेला अशी यमकांची रांग आपोआप उभी राहते. ‘पॅरडाइज लॉस्ट’ला 1668 साली जोडलेल्या टिपणात मिल्टनने यमकाचे जूच झुगारून दिले, ज्यांना ते झुगारायचे नव्हते त्यांच्यासाठी कोशकार निघाले. जॉन वॉकरने 1775 साली शब्दांची फेरिस्त शेवटच्या अक्षरापासून उलट लावली, आणि क्लेमंट वुडने 1936 साली ती उच्चारानुसार लावली. वुडची रीत अधिक शहाणपणाची म्हटली पाहिजे, कारण इंग्रजी लिपीच्या दाखल्यावर विसंबून कोणताही निवाडा करता येत नाही: लव्ह, मूव्ह आणि ग्रोव्ह या तिहींची शेपटी कागदावर एकच असते, कानाला मात्र तिन्ही निरनिराळ्या. शेक्सपिअरच्या काळी लव्ह आणि प्रूव्ह हे शब्द एकमेकांना जुळत असावेत असे उच्चारशास्त्रज्ञ मानतात. आज ते यमक डोळ्यांपुरते उरले आहे. म्हणून बाई प्रत्येक इंग्रजी शब्द आधी देवनागरीत लिहितात, आणि लिपीचा कपटवेष तेथेच गळून पडतो.

परंतु देवनागरीत आघात दिसत नाही. पूर्ण यमकासाठी आघात असलेला स्वर व त्यापुढील सर्व ध्वनी एक असावे लागतात, आणि त्या स्वराआधीचे व्यंजन मात्र भिन्न असावे लागते. मराठी कानाला ‘सिंग’ आणि ‘मॉर्निंग’ सहज जुळतात. इंग्रजी कान ते खारीज करतो, कारण ‘मॉर्निंग’चा आघात पहिल्या अवयवावर आहे. ‘लीव्ह’ आणि ‘बिलीव्ह’ हीसुद्धा जोडी बाद, कारण दोहोंत आधीचा ‘ल’ एकच. आघातासाठी बाई अक्षरावर तांबड्या पेन्सिलीने रेघ ओढतात.

संगणकाचीही त्यांना मदत असते. कार्नेगी मेलन विद्यापीठाचा 1,34,000 हून अधिक शब्दांचा उच्चारकोश अमेरिकन धाटणीचा असल्याने तेथे तो अर्धा शब्द पूर्ण यमक म्हणून रुजू होतो. “न्यू जर्सीतल्या मुलांना तो चालेल, लंडनमधल्यांना नाही,” बाई म्हणाल्या, “म्हणून साडेचार; पाच नाही.”

आणि तरीही या साडेचारांच्या बाहेर त्या गेल्या. अपूर्ण यमक म्हणजे सैल यमक, अशी माझी जी समजूत होती तिला त्यांच्या वहीत आधार सापडेना. गाताना स्वर लांबवला जातो आणि व्यंजन केवळ दार लावून घेते. तेव्हा स्वर तोच पाहिजे, व्यंजन शेजारचे चालेल, हा त्यांचा नियम. शेजारी कोण, हे आपल्या वर्णमालेने केव्हाच ठरवून ठेवले आहे: ‘कप’ आणि ‘रब’ एका ओष्ठ्य ओळीतले, ‘कम’ आणि ‘सन’ अनुनासिकांच्या एका स्तंभातले. ‘लव्ह’ आणि ‘इनफ’ यांची अंत्य व्यंजने दात व ओठ यांच्या एकाच जागी घासतात; भेद केवळ घोष-अघोषाचा. विल्फ्रेड ओवेनने पहिल्या महायुद्धातील आपल्या कवितांत उलट केले, व्यंजने राखून स्वर पालटला, आणि एडमंड ब्लंडेनने त्या प्रकाराला ‘पॅरारिम’ असे नाव दिले. ती बेचैनी खंदकांना शोभते. टाळांवर ती चालणार नाही, असे बाईंचे मत आहे, आणि ते मला पटते.

त्या वहीचे एक पान मला अजून सोडत नाही. ‘लव्ह’समोर ‘अबव्ह’ लिहून तो खोडला होता, पुन्हा लिहून पुन्हा खोडला होता. निर्दोष यमक, मात्रांत चपखल. मग का खोडले? “विठोबा विटेवर उभा आहे,” बाई म्हणाल्या, “वर आकाशात नाही. यमकासाठी त्याला वर कसा पाठवू?” मग खाली ‘इनफ’ आले: जे मिळाले तेवढे पुरे, हा त्या अभंगातला समाधानाचा भाव. पूर्ण यमकाने देवाचे ठिकाण बदलले असते. अपूर्ण यमकाने ते राखले. कवींच्या प्रेमावर पारवे का घिरट्या घालतात याचा पुष्कळसा उलगडा मला त्या खाडाखोडीत झाला. साडेचार शब्दांच्या जमाबंदीतून जे निघते ते नेहमी कवीचेच मनोगत असते असे नाही.

शेजारी व्यंजनांना मुभा दिल्यावर उमेदवारांची संख्या शेकड्यांवर जाते. तेव्हा काम हलके झाले असेल, असे मी म्हणालो. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “अहो, पूर्ण यमक बिघडलं तर भाषेकडे बोट दाखवता येतं, की मला साडेचारच मिळाली होती. अर्धं यमक बिघडलं तर काय सांगू? ते मी निवडलेलं असतं.”