टर्बो गाडीतला एअरफ्लो सेन्सर काढला की खरंच पॉवर वाढते?

तुम्हीही ते रील पाहिलं असेल. टर्बो गाडीच्या एअर फिल्टरजवळचा एक छोटा सेन्सर काढला आणि गाडी सुसाट! हा सेन्सर म्हणजे एमएएफ, मास एअरफ्लो सेन्सर.

बहुतेक गाड्यांत त्यात तापवलेली बारीक तार किंवा पट्टी असते. आत जाणारी हवा तिला थंड करते. ती गरम ठेवायला किती वीज लागते, यावरून कॉम्प्युटरला हवेचं वस्तुमान कळतं आणि तो त्या हिशोबाने पेट्रोल सोडतो.

मग लोक तो काढतात तरी का?

1989 ची निस्सान स्कायलाइन जीटी-आर घ्या. 2.6 लिटरचं इंजिन, दोन टर्बो, दोन एअरफ्लो सेन्सर. हौशी मंडळींनी मोठे टर्बो बसवले की मूळ सेन्सर आपल्या मोजमापाच्या टोकाला पोहोचतात. त्यापुढे हवा कितीही वाढो, आकडा तोच! त्यात ब्लो-ऑफ व्हॉल्व्हने (तो 'फुस्स' आवाज काढणारा) मोजलेली हवा बाहेर सोडली, तर न आलेल्या हवेसाठीही पेट्रोल पडतं.

यावर उपाय म्हणजे 'स्पीड डेन्सिटी'. मॅनिफोल्डमधला दाब, हवेचं तापमान आणि आरपीएम यांवरून हवा किती असेल ते काढायचं. हे काही नवीन नाही, बॉशची 1967 ची डी-जेट्रॉनिक दाबावरच चालायची. 'डी' म्हणजे जर्मन 'ड्रुक', अर्थात दाब.

पण खरी गोम इथेच आहे. एमएएफ हवा मोजतो, स्पीड डेन्सिटी अंदाज बांधते, तोही कॉम्प्युटरमध्ये भरलेल्या तक्त्यावरून. उद्या तुम्ही कॅमशाफ्ट किंवा एक्झॉस्ट बदलला, तर दाब तेवढाच राहूनही आत जाणारी हवा बदलते. एमएएफला ते आपोआप कळतं, तक्त्याला नाही. हवा जास्त, पेट्रोल कमी, वर टर्बोचा दाब... मग नॉकिंग होतं आणि पिस्टनला भोकही पडू शकतं.

नुसता प्लग उपटला तर? चेक इंजिनचा दिवा लागतो आणि कॉम्प्युटर ठरावीक आकड्यांवर गाडी कशीबशी चालवतो. पॉवर बिवर काही वाढत नाही.

आता तुमच्या गाडीचं. आधी तिच्यात एमएएफ आहे का ते बघा, कारण काही टर्बो पेट्रोल गाड्यांत तो कंपनीनेच दिलेला नसतो. असेल आणि टर्बोही कंपनीचाच असेल, तर त्याला हात लावू नका. मळला असेल तर एमएएफ क्लीनरचा स्प्रे मारा, तारेला बोट लावू नका. टर्बो मोठा केला असेल, तर सेन्सर खरंच टोकाला पोहोचतोय का ते डेटा लॉगमध्ये तपासा. पोहोचत असेल तर आधी मोठ्या सेन्सरचा विचार करा. स्पीड डेन्सिटीकडे वळायचंच असेल, तर डायनोवरच्या ट्यूनिंगचे पैसे आधी बाजूला काढा.