‘कंपनी’ या इंग्रजी शब्दाची अनेकार्थता : कोरेगाव भीमा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
अपरिचित इंग्रजी शब्द आला की विद्यार्थी शब्दकोश उघडतो. परिचित शब्दाला मात्र ठाऊक असलेला एकच अर्थ तो सर्वत्र लावतो. त्यामुळे परिचित शब्दच अधिक दिशाभूल करतात. ‘कंपनी’ हा असाच शब्द होय. शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा परिसरात या शब्दाचे अनेक अर्थ इतिहासात व दैनंदिन व्यवहारात एकत्र आढळतात. त्या आधारे अनेकार्थतेचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

व्युत्पत्ती व अर्थविस्तार :
लॅटिनमधील ‘कॉम’ म्हणजे सह आणि ‘पानिस’ म्हणजे भाकरी. एकत्र भाकरी खाणारा तो सोबती, अशी या शब्दाची मूळ कल्पना आहे. मराठीतील ‘पाव’ हा शब्दही पोर्तुगीजमार्गे याच ‘पानिस’पासून आला आहे. सोबत, सोबत्यांचा समूह, सैन्याची तुकडी, नाटक मंडळी, व्यापारी संस्था हे सर्व अर्थ ‘एकत्र आलेली माणसे’ या एका सूत्राने जोडलेले आहेत. ‘बँक’ या शब्दाचे नदीकाठ व पेढी हे अर्थ आजच्या वापरात परस्परांशी असंबद्ध असल्याने शब्दकोश त्यांची स्वतंत्र नोंद करतात. ‘कंपनी’चे तसे नाही; तो एकच शब्द असून त्याचे अर्थ अनेक आहेत.

परिसरातील अर्थ :
1 जानेवारी 1818 रोजी येथे पेशव्यांच्या सैन्याशी लढलेली फौज ईस्ट इंडिया कंपनीची होती. 1600 साली सनद मिळालेली ही व्यापारी संस्था तोवर राज्यकर्ती झाली होती. म्हणूनच मराठीत ‘कंपनी सरकार’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. या फौजेतील पायदळाच्या पलटणीचे लहान विभागही ‘कंपनी’च. म्हणजे एकाच प्रसंगाच्या वर्णनात हा शब्द सत्ता व तुकडी अशा दोन अर्थांनी येऊ शकतो. इंग्रजीत पहिला अर्थ मोठ्या आद्याक्षराने वेगळा दाखविता येतो. देवनागरीत ती सोय नसल्याने अनुवादकाला ‘कंपनी सरकार’ व ‘तुकडी’ असे भिन्न शब्द योजावे लागतात.

आज सणसवाडी व रांजणगाव या औद्योगिक पट्ट्यात ‘कंपनी’ म्हणजे कारखाना. कायद्याने ती भागीदारी संस्था असली तरी कामगार ‘कंपनीत जातो’ असेच म्हणतो. ‘कंपनी सुटली’ या वाक्याचा अर्थ पाळी संपली असा होतो, तसाच नोकरी गेली असाही होतो. तो प्रसंगावरूनच कळतो.

व्युत्पत्तीची मर्यादा :
मूळ अर्थ म्हणजे प्रत्यक्ष अर्थ नव्हे, हेही येथे स्पष्ट होते. कंपनीच्या फौजेत महार सैनिक मोठ्या संख्येने होते. पेरणे येथील जयस्तंभावर त्यांची नावे कोरलेली आहेत. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या स्तंभास भेट दिली. हे सैनिक ज्या समाजातून आले, तेथे रोटीव्यवहार जातीने बांधलेला होता. एका पलटणीत असणे म्हणजे एका पंगतीत बसणे नव्हे. शब्दाच्या मुळाशी सहभोजन आहे, म्हणून त्या शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या समूहात समता होती असा निष्कर्ष काढता येत नाही.

अध्यापनातील उपयोग :
अर्थांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा वाक्यातील खुणा दाखविणे अधिक उपयुक्त ठरते. ‘अ कंपनी’ असे एकवचनी उपपद असेल तर संस्था, तुकडी वा मंडळी. ‘आय एन्जॉय हिज कंपनी’ यात शब्द अगणनीय असल्याने सहवास. आणि ‘पार्ट कंपनी’ म्हणजे एकमेकांपासून वेगळे होणे. कामगार कुटुंबातील विद्यार्थ्याला ‘कंपनी सुटली’ या वाक्याची दोन अर्थच्छटा आधीच ठाऊक असतात. हेच ज्ञान इंग्रजी वाचनाकडे वळविणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :
शब्दाचा अर्थ केवळ शब्दकोशात वा व्युत्पत्तीत नसून वाक्य, प्रसंग व समाज यांच्या संबंधात निश्चित होतो. इतिहासाच्या पुस्तकातील ‘कंपनी’ आणि वडिलांची ‘कंपनी’ यांतील भेद व नाते विद्यार्थ्याला उमगले, तर भाषा व इतिहास या दोन्ही विषयांचे अध्यापन अधिक अर्थपूर्ण होईल.