हबशांची भाषा कोणती?

बिदरजवळच्या हबशी कोटावर हबशी सरदारांच्या जुन्या कबरी आहेत. त्या पाहून नौबादची मुले आम्हांस विचारतात, "हे लोक कोणती भाषा बोलत?"

'हबशी' अशी एक भाषाच नाही. हबश हे इथिओपियाचे अरबी नाव. आपण मात्र साऱ्याच आफ्रिकी माणसांना ते सरसकट लावले. आफ्रिकेत सुमारे २००० भाषा आहेत! इथिओपियातील अम्हारिक ही अरबीच्या कुळातली, शेजारची ओरोमो निराळ्या शाखेची. पूर्व किनाऱ्यावरील स्वाहिली तर बांटू कुळातली. तीत आपल्या ओळखीचे अरबी शब्द पुष्कळ: दुनिया, हबारी म्हणजे खबर, किताबू म्हणजे किताब. पण व्याकरण अस्सल बांटू. किसू म्हणजे सुरी, विसू म्हणजे सुऱ्या. त्याच चालीवर किताबूचे अनेकवचन विताबू! परक्या शब्दाला घरचे वळण लावण्याची ही हातोटी आम्हांस फार आवडते.

मग या भाषा इकडे का टिकल्या नाहीत? मलिक अंबरासारखा इथिओपियात जन्मलेला पुरुष अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता झाला, तरी मुळात तो विकला गेलेला गुलाम. अशी माणसे नाना मुलखांतली. एकमेकांशी बोलणार तेही येथल्याच भाषेत. आज यल्लापूर-हल्याळकडील सिद्दी घरी कोकणी बोलतात. गुजरातेतील सिद्दी मात्र आपल्या नाचाला गोमा म्हणतात. स्वाहिलीत 'ङ्गोमा' म्हणजे ढोल.