सर्व्हरच्या दाराला किती कड्या?

फेब्रुवारी २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या २७ सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. डेटा सोडवण्यासाठी बिटकॉइनमध्ये खंडणी मागण्यात आली. मार्चमध्ये निगडी पोलिस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. घरबसल्या किंवा परगावाहून सर्व्हर हाताळणाऱ्या प्रत्येक कारखान्याने, कार्यालयाने सुरक्षेचे पुढचे थर तपासून घ्यावेत.

● वेस : एसएसएचचं पोर्ट २२ आणि रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ इंटरनेटवर उघडं नको. आधी व्हीपीएन, मग सर्व्हर.

● ओळख : पासवर्डने लॉगिन बंद करून की-जोडी (खासगी आणि सार्वजनिक) वापरा. खासगी की स्वतःच्याच लॅपटॉपवर, तीही पासफ्रेजसह. ‘रूट’ खात्याला थेट प्रवेश नाही.

● दुसरा पुरावा : मोबाइल ॲपवर दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड. की चोरीला गेली तरी चोर इथे अडतो.

● पहारा : वारंवार चुकीचं लॉगिन करणारा आयपी पत्ता ‘फेल-टू-बॅन’सारखा प्रोग्रॅम आपोआप रोखतो.

● शेवटचा आधार : बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून पूर्ण तोडलेली. तिच्यातून डेटा परत मिळतो का, हेही तपासलेलं असावं.

● नियम : केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असा हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणं आणि लॉग १८० दिवस जपणं बंधनकारक आहे.

नोकरी सोडून गेलेल्यांच्या आणि काम संपलेल्या व्हेंडरच्या सार्वजनिक की सर्व्हरवर अजून आहेत का, हे आजच पाहा. असतील तर काढून टाका.