सिद्धान्ताचे गाव कोणते?

आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या अभ्यासाचे जगातले पहिले अध्यासन १९१९ साली वेल्समधल्या ॲबरिस्टविथ या समुद्रकाठच्या गावात सुरू झाले. पैसा कोळशाच्या धंद्यात गबर झालेल्या डेव्हिस घराण्याचा, नाव अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे. महायुद्धाचा संहार पुन्हा होऊ नये, हा हेतू उदात्तच; पण निम्म्या आशिया-आफ्रिकेचा प्रश्न तेव्हा पारतंत्र्याचा होता.

पुढे या विषयाने अमेरिकेत बस्तान बसवले. स्टॅन्ली हॉफमन यांनी १९७७ मध्ये ही विद्याशाखाच अमेरिकी असल्याचे लिहिले. महासत्तेला सल्लागार हवे होते, प्रतिष्ठानांकडे पैसा होता आणि प्राध्यापकांची सरकारात ये-जा होती.

इतरांनीही आपापली मांडणी केली. फर्नांदो कार्दोसो आणि एन्झो फालेत्तो यांनी १९६९ मध्ये लॅटिन अमेरिकेचे परावलंबन उलगडून दाखवले. हेच कार्दोसो १९९५ मध्ये ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि दोनच वर्षांत ‘वाले’ ही सरकारी खाणकंपनी खासगी हातांत गेली! चीनमध्ये झाओ तिंगयांग यांनी ‘तिआनशिया’ (आकाशाखालचे सारे जग) ही जुनी कल्पना नव्या जगाची घडी म्हणून पुढे आणली. त्या घडीत मधली जागा चीनचीच, असा टीकाकारांचा आक्षेप आहे.

भारतात बोट हमखास कौटिल्याकडे जाते. शामशास्त्रींनी १९०९ मध्ये अर्थशास्त्र छापले, र. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठाने १९६० पासून तीन भागांत काढली. भारतीयांना सामरिक विचारांची परंपराच नाही, असे अमेरिकी अभ्यासक जॉर्ज टॅनहॅम यांनी १९९२ मध्ये म्हटल्यावर तर कौटिल्य हे ठरलेले उत्तर झाले. मात्र त्याचा विजिगीषू, म्हणजे विजयाची इच्छा धरणारा राजा, राज्यविस्तारासाठी निघालेला असतो, आणि राज्यघटनेचे ५१ वे कलम आंतरराष्ट्रीय शांततेचा पुरस्कार करायला सांगते. ही दरी श्लोक उद्धृत करून बुजत नाही.

त्यामानाने मराठी राज्याच्या रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ (१७१५ च्या सुमाराचे) जमिनीवरचे आहे. टोपीकर, म्हणजे युरोपीय व्यापारी, हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत आणि व्यापाराआड मुलूख बळकावण्याचा डाव आहे, हे अमात्य ओळखतात. म्हणून खाडीकाठी, किनाऱ्यावर त्यांना वखारीसाठी जागा देऊ नये. द्यायचीच तर आत, समुद्रापासून लांब. व्यापार हवा, पण तोफांच्या माऱ्यात बंदर नको. किनारा राखणाऱ्या राज्याला अनुभवातून सुचलेले हे धोरण आहे.

तरी ‘दक्षिण आशियाई दृष्टी’ म्हणून साऱ्या प्रदेशाच्या वतीने बोलताना जपावे लागते. युक्रेनवरील आक्रमणाचा निषेध करणारा ठराव २ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ विरुद्ध ५ मतांनी संमत झाला. ३५ देश तटस्थ राहिले. भारत, पाकिस्तान, बांगलादेश आणि श्रीलंका एरवी कशावर एकमत होतील याची खात्री नाही, पण त्या दिवशी चौघेही तटस्थांत होते. नेपाळ आणि भूतान यांनी मात्र ठरावाच्या बाजूने मत दिले. दोन बलाढ्य शेजाऱ्यांच्या मध्ये नांदणाऱ्या या देशांना सार्वभौमत्वाचा प्रश्न दिल्लीइतका सैलपणे घेणे परवडत नाही.